गाळलेल्या जागा

नववी ब, भूगोल, चाचणी दुसरी.
प्रश्न एक. गाळलेल्या जागा भरा.
नदी डोंगरात ……… करते,
सपाटीवर ……… नेते,
आणि मुखाशी ……… करते.

एसिनामने पहिल्या दोन भरल्यात. झीज. गाळ वाहून.
तिसरी मोकळी.
खाली पेन्सिलीने, मुंगीएवढ्या अक्षरात :
सर, कोणती नदी?
आमची व्होल्टा आता काही ठेवून जात नाही.

मी कुमासीचा. समुद्र मी इथे, केट्याला,
नोकरीवर रुजू होताना पहिल्यांदा पाहिला.
गेल्या मंगळवारी पाववालीचा पत्र्याचा ट्रे मागून आणला,
एका टोकाखाली दोन शब्दकोश,
वर किनाऱ्यावरची वाळू.
वाळूला इथे काय तोटा, मी म्हणालो.
वर्ग हसला नाही.

किटलीतून धार सोडली.
पाण्याने वाट काढली, काठ कातरला,
आणि खालच्या टोकाला ताडाच्या पंख्यासारखी
वाळू पसरून ठेवली.
मग मी मधोमध मोजपट्टी रोवली. हे धरण.
वर पाणी साचलं, गुणी मुलासारखं बसून राहिलं.
पट्टीच्या कडेने जे निसटलं
ते इतकं नितळ की पोरं म्हणाली, वा!

नितळ पाणी उपाशी असतं, मी सांगितलं,
वरचं वर काढून घेतलं की ते खालचं खातं.
(हे वाक्य पुस्तकात नाही. मला ते आवडलं होतं.)
एटोर्नाम फुंकर घालून लाटा करत होता,
पंख्याची कड कणाकणाने
ट्रेबाहेर, माझ्या बुटांवर.
एसिनाम तेवढंच बघत होती.

प्रश्न पाच. धरणाचे परिणाम लिहा. गुण पाच.

एक, वीज.
दोन, मोठा तलाव. त्याच्या तळाशी गावं.
तीन, बाबांची आत्या आब्लावी
नदीत बुडी मारून शिंपले काढायची.
डोळे मिटून, पायाच्या बोटांनी तळ ओळखायची,
बायकांचे आपापले वाफे असत पाण्याखाली,
शेतासारखे, बांध नसलेले.
पूर यायचा बंद झाला, तळावर तण माजलं.
म्हातारपणी ती अंथरुणावर झोपेत
पायाची बोटं हलवायची.
चार, आमचं हे तिसरं घर.
पहिली दोन समुद्रात.
बाबा अजून वाट सांगताना म्हणतात,
चर्चच्या मागून डावीकडे वळ,
आणि बोट लाटांकडे करतात.
पाच आठवत नाही.
पण सर, रात्री तुमच्या खोलीत उशिरापर्यंत दिवा दिसतो.
तो मुद्दा एकमध्ये आला का?

तो दिवा आत्ताही डोक्यावर आहे.
मध्येच गेला. दहा मिनिटं
मी अंधारात तिचा पेपर धरून बसलो,
बाहेर तो आवाज,
कुणीतरी सावकाश पोतं ओढत नेतंय असा.
मग आला, आणि मला बरं वाटलं.
हे लिहायलाच हवं.

उत्तरपत्रिकेत 'निक्षेपण' आहे. निक्षेपणच बरोबर.
जे वाटेतच गाळून घेतलं
त्याची जागा नववीतल्या पोरीने कशाने भरायची?
रिकाम्या जागेपुढे मी बरोबरची खूण केली.
मुख्याध्यापक आग्बेन्येगा हा गुण कापतील.
विचारतील, तरुण माणसा, काय तपासलंस इथे?
शिंपल्यांचा मुद्दाही पाठ्यक्रमाबाहेरचा.
त्याला मी अर्धा दिला,
मग खोडून एक केला.

पुढचा पेपर एटोर्नामचा.
तिन्ही जागा अचूक,
निक्षेपण, शुद्धलेखनासकट.
फक्त वरच्या ओळीत, नाव आणि हजेरी क्रमांकानंतर,
वस्ती :
एक नाव खोडलंय,
वर दुसरं लिहून तेही खोडलंय.